माझा पाचवा रकाना

मित्रांनो, माझ्या पुठ्ठ्यावर बिअरच्या पेल्यांचे अकरा गोल डाग आहेत. बारावा अर्धाच उमटला, कारण तेवढ्यात आमचं घर चालवणाऱ्या बुर्गलने तो पेला उचलला आणि ज्याचा होता त्याला म्हणाली, "टेबल तिकडे आहे." डाग मोजून माझं वय काढायला जाऊ नका. मी सहा उन्हाळ्यांची आहे, आणि डोंगरघरातल्या नोंदवहीसाठी सहा उन्हाळे म्हणजे म्हातारपण.

आमचं डोंगरघर, म्हणजे डोंगर चढणाऱ्यांच्या मुक्कामाचं घर, टायरोलमध्ये आहे, दोन हजार दोनशे चौदा मीटर उंचीवर. इथवर गाडी येत नाही. येणारा चालत येतो, बूट दाराशी काढतो, फळीवरच्या लोकरी सपाता पायांत घालतो, सूप मागवतो आणि मग मला पुढे ओढतो.

इन्सब्रुकच्या एका बाइंडरने मला शिवलं. हिरवं कापड, जाड पुठ्ठा, ओल सहन करणारा कागद. प्रत्येक पानावर त्याने सात रकाने छापून घेतले होते: तारीख, नाव, गाव, कुठून आलात, कुठे जाणार, कोणत्या वाटेने, आणि शेवटी शेरा. छापताना तो आपल्या भागीदाराला म्हणाला होता, "पाचवा जरा रुंद ठेव. बाकीचे सहा शोभेचे." ते मी ऐकलं आणि त्या दिवसापासून पाचव्या रकान्याचा मला अभिमान वाटू लागला. आता वाटतं, ऐकलं नसतं तर बरं झालं असतं.

पाचव्या रकान्याचं काम सोपं आहे. माणूस ठरल्या वेळेला पोचला नाही तर बुर्गल मला उघडते, तो कुठे जाणार होता ते बघते आणि खालच्या गावातल्या बचाव पथकाला वायरलेसवर कळवते. माझ्या पहिल्याच उन्हाळ्यात ग्राट्सच्या दोन परिचारिका धुक्यात वाट चुकल्या. त्यांनी पाचवा आणि सहावा, दोन्ही रकाने स्वच्छ अक्षरात भरले होते. पथकाला त्या एक तास दहा मिनिटांत सापडल्या. पथकातल्या फाइटने परत आल्यावर माझ्यावर दोनदा थाप मारली आणि म्हणाला, "शहाणी आहेस." माझ्या वाट्याला आलेलं कौतुक तेवढंच. त्यानंतर माझा उपयोग मुख्यतः माशा मारण्यासाठी झाला. दोन उन्हाळे मी डुगडुगणाऱ्या बाकाच्या पायाखालीही काढले.

माझ्यात चार हजार एकशे पाच नोंदी आहेत. त्यांतल्या एक हजार सहाशे अकरांमध्ये पाचवा रकाना एक तर रिकामा आहे, नाही तर असून नसल्यासारखा. शंभरात एकोणचाळीस. त्यात लोकांनी काय लिहिलं आहे ते सांगते. "वर." "बघू." "पाय नेतील तिकडे." "बायकोला विचारा." एकाने बदाम काढला आहे. एका शिक्षिकेने "स्वतःच्या शोधात" असं लिहिलं आणि ती पंधरा मिनिटांत विसरलेली छत्री शोधत परत आली. शेऱ्याच्या रकान्यात मात्र सगळ्यांच्या लेखणीला पाय फुटतात. किती सुंदर, किती शांत, किती भव्य. सुंदर आहे, हे डोंगराला माहीत आहे. बुर्गलला माहीत आहे. मला हे आणखी किती वेळा सांगणार?

पण ही माणसं परवडली, असं वाटायला लावणारा एक माणूस होता. त्याचं नाव अन्सगार पिल्त्स.

अन्सगार कासेलचा निवृत्त दंतवैद्य. पर्यटनाचं त्याला विलक्षण वेड. निम्मा युरोप आणि अर्धी अमेरिका त्याने पालथी घातली होती, आणि जिथे जाईल तिथल्या वहीत तो आपले ठसे, म्हणजे मनावर उमटलेले ठसे, लिहून ठेवायचा. हिवाळ्यात कासेलच्या पर्यटन मंडळात पडद्यावर चित्रं दाखवून तो भाषणं देई. ती भाषणं टंकून देण्याचं काम त्याच्या बायकोचं, हायड्रुनचं. कारण त्याचं अक्षर. मित्रांनो, मी सहा उन्हाळ्यांत चार हजारांवर हातांची अक्षरं अंगावर वागवली, पण असं अक्षर दुसरं नाही. दाताच्या फटीत शिरेल इतकं बारीक. ते जगात एकट्या हायड्रुनला लागायचं.

त्याचा दुसरा दोष असा की त्याला रकाने दिसतच नसत. तारखेपासून जो सुटायचा तो सातही रकाने ओलांडून पानाच्या दुसऱ्या कडेला पोचायचा. पहिल्या वर्षी एकतीस ओळी. दुसऱ्या वर्षी अडतीस. आणि त्यात आमच्या डोंगराबद्दल काय? जवळजवळ काही नाही. आमचा डोंगर त्याला नेहमी दुसऱ्या कशाची तरी आठवण करून द्यायचा. इथे बसून तो नॉर्वेबद्दल लिहायचा. नॉर्वेत बसून बहुधा आमच्याबद्दल लिहीत असेल.

तिसऱ्या वर्षी, म्हणजे याच उन्हाळ्यात, जुलैच्या एका मंगळवारी तो हायड्रुनला घेऊन आला. तिचा उजवा गुडघा दुखत होता. तिने बाकावर बसून पाय उशीवर ठेवला आणि शब्दकोडं काढलं.

"पिल्त्स, डॉक्टर पिल्त्स," त्याने बुर्गलला ओळख करून दिली. दर वर्षी द्यायचा.

"हजार मीटरच्या वर इथे कुणी डॉक्टर नसतो अन् कुणाला अहो-जाहो नसतं," बुर्गल म्हणाली. तीही दर वर्षी म्हणायची. "अन्सगार, सूप पालकाचं देऊ की चीजच्या गोळ्यांचं?"

"गोळ्यांचं. आणि ती वही देता का?"

"देतेस का," बुर्गलने सुधारलं. "देते. पण या वेळी रकान्यात लिही, बाबा. तुझ्या मागून येणाऱ्यालाही थोडी जागा लागते."

"हो, हो," तो म्हणाला आणि सुरू झाला. एक तास पाच मिनिटं. शेहेचाळीस ओळी. सूप गार झालं. मधे एकदा हायड्रुनने मान वर न करता विचारलं, "सहा अक्षरी, उंदराला खाणारा पक्षी?" तो लिहीतच राहिला. सव्वा दोनला तो उठला, गळ्यात कॅमेरा अडकवला आणि दारातून काहीतरी म्हणाला. हायड्रुन "हं" म्हणाली. दार बंद झालं.

जेवणाची वेळ साडेसहाची. सहा वाजता बुर्गल ताटं मांडायला आली आणि तिची नजर दाराशेजारच्या फळीवर गेली. सगळे पाहुणे परतले होते, सगळ्यांच्या पायांत सपाता होत्या. फळीवर एक जोड तेवढा उरला होता. त्रेचाळीस नंबरचा.

"हायड्रुन, नवरा कुठंय तुझा?"

"येईल. उजेड बघत उभा असेल कुठेतरी."

"साडेआठच्या पुढे वादळ सांगितलंय. कुठे जातो म्हणाला?"

हायड्रुनने पेन्सिल खाली ठेवली. "म्हणाला काहीतरी. खिंड म्हणाला असेल. सगळे खिंडीतच जातात ना?"

"असेल म्हणजे?"

"म्हणजे मी ऐकलं नाही, बुर्गल. मी पस्तीस वर्षं त्या माणसाला ऐकतेय. गेली वीस नुसती हं म्हणतेय."

बुर्गलने वायरलेस उचलला. फाइट उन्हाळ्यात खालच्या कुरणावर गुरं राखतो. वीस मिनिटांची वाट तो अकरा मिनिटांत चढून आला आणि त्याने बूटसुद्धा काढले नाहीत. आमच्या घरात बूट घालून आत येणं म्हणजे काय ते एवढ्यावरून समजा की बुर्गल त्याला काही बोलली नाही.

"वही," तो म्हणाला.

मला उघडलं. फाइटने पाचव्या रकान्यावर बोट ठेवलं. तिथे शेहेचाळीस ओळींचा मधला भाग होता, मुंग्यांच्या रांगेसारखा. इतकी वर्षं ज्या क्षणासाठी मला बनवलं होतं तो क्षण आला होता आणि माझ्याकडे सांगायला काहीच नव्हतं. खरं म्हणजे सगळं होतं. पण त्या दोघांनाही ते वाचता येत नव्हतं. मित्रांनो, वहीला रडता येत नाही, म्हणून मी चिडले.

"हे काय लिहिलंय का शिवलंय?" फाइट म्हणाला. "जाऊ दे. खिंडीत निघतो. दोन तास जायला."

"आणि खिंडीत नसला तर?" बुर्गल म्हणाली.

"नसला तर परत यायचं."

"वादळातून."

आमच्या घरापासून तीन वाटा फुटतात आणि तिघींची तोंडं तीन दिशांना आहेत. चुकीच्या वाटेवर गेलेले चार तास त्या संध्याकाळी कुणाकडेच नव्हते.

बुर्गलने मला उचललं आणि हायड्रुनच्या मांडीवर ठेवलं. "वाच."

"बुर्गल, यात काही नसणार. मला त्याचं लिखाण माहीत आहे."

"मोठ्याने वाच. आणि गाळू नकोस."

हायड्रुनने चष्मा बदलला. पहिल्या ओळी ती भरभर, वैतागून वाचत गेली. "'नॉर्वेच्या खाडीत पाणी इतकं निश्चल होतं की खोकायला संकोच वाटला. दहापैकी नऊ.' दर वेळी नऊच. 'ॲरिझोनातली महादरी भव्य आहे खरी, परंतु तिथे उभं राहिल्यावर डोंगर बघितल्यासारखं वाटत नाही, डोंगर कुणीतरी उचलून नेल्यासारखं वाटतं. सात.' हे भाषणात तीनदा आलंय. 'स्कॉटलंड: चार दिवस पाऊस. पाचव्या दिवशी जांभळी टेकडी दिसली, अकरा मिनिटं. व्हर्मॉन्टच्या झाडांनी लाल होण्यात अतिरेक केला आहे.' फाइट, तू खरंच हे ऐकत थांबणार आहेस?"

"तळं, खिंड, कडा, काहीतरी इथलं सापडेपर्यंत थांबणार आहे," फाइट म्हणाला. तो खिडकीतून ढगांकडे बघत होता आणि हाताने दोर गुंडाळत होता. मुक्कामाला असलेले दोन गिर्यारोहक आपापले बूट चढवत होते.

एकोणतिसाव्या ओळीला हायड्रुनचा आवाज हळू झाला. चिडलेल्या माणसाचा आवाज एकदम हळू झाला की खोलीतले सगळे वर बघतात. तसे सगळ्यांनी वर बघितलं.

"'ऑरेगॉनचं ते निळं तळं आम्ही भर दुपारी गाठलं. हायड्रुनचा गुडघा तेव्हाच दुखायला लागला होता, पण ती मला सांगत नव्हती. ती म्हणाली, मी गाडीत थांबते, तू फोटो काढून आण. मी गेलो. वारा होता. पाण्यात डोंगराचं प्रतिबिंब नव्हतं, नुसत्या लाटा होत्या. तिने फोटो बघितला आणि छान आहे म्हणाली. तो छान नव्हता.'" हायड्रुन थांबली. तिने ओठ दाबले. "मूर्ख माणूस."

"पुढे," बुर्गल म्हणाली.

"'ती चूक आज करायची नाही. चारनंतर वारा पडतो आणि ऊन समोरच्या भिंतीवर येतं. मधोमध एकच खडक असलेलं छोटं तळं. नकाशात त्याला नाव नाही. काठावरून निम्मीच भिंत दिसेल, म्हणून डावीकडच्या दगडांच्या उतारावर थोडं चढून उभं राहावं. हायड्रुनला इथवर येता येणार नाही. तेव्हा सबंध डोंगर तिला पाण्यासकट नेऊन दाखवायचा.'"

"मधे एक खडक," फाइट म्हणाला. "गुरांचं वरचं तळं. खिंडीच्या अगदी उलट्या बाजूला." दोर त्याच्या खांद्यावर चढलासुद्धा. "अन् त्या उतारावर माझ्या गाईसुद्धा जात नाहीत. त्यांना अक्कल आहे."

सहा पस्तीसला ते तिघे निघाले. उरलेल्या ओळी कुणीच वाचल्या नाहीत. मला वाचता येतात, म्हणून सांगते: त्यांत कॉर्निश किनाऱ्याची स्तुती आहे आणि आमच्या सुपाची तक्रार.

हायड्रुनने मला मिटलं नाही. बुर्गलने तिच्यासमोर गोळ्यांचं सूप आणून ठेवलं, तिने चमचा उचलला नाही.

"मला फोटो नको होता," ती म्हणाली. "मी गाडीत थांबले, कारण मला कॉफी प्यायची होती. गुडघ्याचं निमित्त होतं. बारा वर्षं झाली, बुर्गल. हा माणूस बारा वर्षं तो फोटो डोक्यात घेऊन फिरतोय."

"सांगितलं नाहीस कधी?"

"ऐकतो कुठे तो."

बुर्गल तिच्याकडे नुसती बघत राहिली. मग हायड्रुनच्या लक्षात आलं आपण काय बोललो ते, आणि तिने मान दुसरीकडे वळवली.

सात सोळाला वायरलेस खरखरला. सापडला होता. तळ्याच्या डाव्या उतारावर दगड सरकून तो आठेक मीटर खाली आला होता. घोटा मोडला होता, शर्ट तळ्याच्या पाण्यात भिजून अंगाला चिकटला होता, दात वाजत होते. दातांबद्दल फाइट जरा जास्तच खुलून बोलला. खाली दरी ढगांनी भरली होती, त्यामुळे हेलिकॉप्टर येणार नव्हतं. आठ पस्तीसला त्यांनी त्याला खांद्यावरून आत आणलं. आठ पन्नासला गारा सुरू झाल्या. मधली पंधरा मिनिटं. आधी खिंडीत जाऊन आले असते तर काय झालं असतं, ते गणित मी तुम्हाला घालत नाही. सोपं आहे.

हायड्रुन गुडघा विसरून उभी राहिली होती. त्याला बाकावर टेकवल्यावर ती पहिलं वाक्य काय बोलेल याकडे सगळ्यांचे कान होते.

"कुठे जातोस ते लिहिता येत नाही तुला?"

"लिहिलं होतं की," अन्सगार कुडकुडत म्हणाला. "वहीत. सविस्तर."

फाइटने डोक्याला हात लावला. बुर्गल स्वयंपाकघरात निघून गेली आणि तिथून भांडी आपटल्याचा आवाज आला. हायड्रुन खाली बसली. आपली लोकरी शाल तिने त्याच्या खांद्यांवरून घेतली, दोन्ही टोकं घट्ट ओढली आणि धरून ठेवली. "आता बोल," ती म्हणाली. "काय दिसलं ते सांग. मी ऐकतेय."

 

सकाळी आकाश धुतल्यासारखं झालं. हेलिकॉप्टर यायला थोडा वेळ होता. अन्सगारने पाय उशीवर ठेवून वही मागितली. हायड्रुनने मला त्याच्यापुढे उघडलं आणि पाचव्या रकान्यावर आपलं बोट ठेवून उभी राहिली. त्याने तिच्याकडे बघितलं. मग एकेक रकाना भरला. तारीख. नाव. गाव. कुठून आलात: तळ्यावरून. कुठे जाणार: खालचं इस्पितळ. कोणत्या वाटेने: हवेतून. शेऱ्यापाशी त्याची लेखणी थांबली. हायड्रुनने ती त्याच्या हातातून घेतली आणि आपल्या ठसठशीत अक्षरात लिहिलं: "प्रतिबिंब हुकलं. माणूस मिळाला." शेऱ्याचा निम्मा रकाना रिकामा राहिला.

त्या दोघांना घेऊन हेलिकॉप्टर उडालं, तेव्हा बुर्गलने लाल पेन्सिल आणली आणि माझ्या पुढच्या प्रत्येक पानावर पाचव्या रकान्याभोवती जाड चौकट आखली. मला वाटलं, संपला त्रास.

वीस मिनिटांत एकसारख्या टोप्या घातलेलं एक जोडपं आलं. दोघं सफरचंदाची पोळी खाऊन निघाले आणि निघताना त्यांनी माझ्यात नोंद केली. नाव नाही, गाव नाही. लाल चौकटीच्या मधोमध, झोकदार अक्षरात एकच शब्द: "स्वर्ग."

बुर्गलने तो वाचला. मला काखेत मारलं आणि ती सपातांनिशी दाराबाहेर धावली. "ए टोपीवाल्यांनो, थांबा. स्वर्गात जाणार असलात तर कोणत्या वाटेने ते लिहून जा."

मित्रांनो, मी या घरात बटाट्याच्या बंद खोक्यातून, तारेवरून माल वर आणणाऱ्या पाळण्यात बसून आले होते. सहा उन्हाळे मी टेबल, बाक आणि फळी एवढंच बघितलं होतं. बुर्गल धापा टाकत त्या दोघांना झापत होती आणि तिच्या काखेतून माझं अर्धं पान बाहेर आलं होतं. तिथून मी बघितलं. समोरचा कडा ओला होता आणि उन्हात चकाकत होता. रात्रीच्या गारांची पांढरी रेघ त्याच्या खांद्यावर अजून पडून होती. खाली फाइटच्या गाई ठिपक्यांएवढ्या. चार हजार एकशे पाच नोंदींत मी जे वाचलं होतं त्यातलं एकही वाक्य त्याला पुरेसं नव्हतं. मला माझे सात रकाने आठवले नाहीत. किती वेळ आठवले नाहीत, तेही मी मोजलं नाही.

मग टोपीवाल्याने लेखणी घेतली आणि ती माझ्यावर टेकली, तेव्हा मी भानावर आले.

तेव्हा आता मी ऐकीव बोलत नाही. बघण्यासारखं आहे, पुष्कळ आहे, आणि बघताना भान हरपतं. म्हणूनच बाहेर पडायच्या आधी, दाराच्या आत, सूप गरम असताना दोन शब्द लिहा: कुठे, आणि कोणत्या वाटेने. तुम्ही परत येईपर्यंत कुणीतरी चमचा हातात न घेता बसलेलं असतं. त्या माणसाला तुमचं वर्णन नको असतं. त्याला तुमचा पत्ता हवा असतो.